सहावी बाटली कधी उघडायची?

चार माणसं एकाच खोक्याकडे वर्षानुवर्षं बघत बसली, की किस्से धुळीसारखे साचतात. आमचं तसंच झालंय. आमचा विलास लालबागचा, गिरणी कामगाराचा मुलगा. मोठ्या हॉटेलच्या वाइनच्या कोठीत त्याने तीस वर्षं काढली. रिटायर झाला तेव्हा साहेबांनी फ्रेंच रेड वाइनच्या सहा बाटल्यांचं खोकं दिलं, वर बजावलं, "इतक्यात पिऊ नका, अजून कच्ची आहे." झालं! विलास, त्याची बायको सुनंदा, गिरगावचा नंदू आणि मी, असं आमचं मंडळ बसलं. ठरलं काय, तर दर जानेवारीत एक बाटली उघडायची आणि तयार झाली का ते बघायचं.

*

मुंबईच्या उकाड्यात वाइनचं सार होतं, म्हणून बाटल्या माझ्या दादरच्या बेडरूममध्ये आल्या, एसीखाली. आमचे हे रजईतून करवादले, "पस्तीस वर्षं संसार केला, माझ्यासाठी कधी एसी अठरावर लावला नाहीस!"

खरंय. पण हे काही वर्षागणिक सुधारत नव्हते!

विलास म्हणे, बाटल्या आडव्याच हव्यात, बूच ओलं राहिलं पाहिजे. आमच्या कामवाल्या शेवंताबाई त्या रोज उभ्या करायच्या. "अहो ताई, चांगल्या घरात बाटल्या अशा लोळताना बघून लोक काय म्हणतील?"

*

पहिल्या बाटलीच्या वेळी विलासने ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरला. कडेचा जांभळा रंग विटकरीकडे झुकायला हवा म्हणे. मग ग्लासात नाक घातलं ते काढेचना. नंदूचा धीर सुटला. "अरे, आंबा देठाशी हुंगतोस तसं हुंग आणि सांग ना, पिकली की नाही!"

"अजून भांडतेय रे. कच्च्या सुपारीसारखी जीभ ओढतेय बघ."

नंदूने तीन ग्लास भांडण सोडवलं!

*

दुसऱ्या बाटलीनंतर करोनाच्या साथीत विलासला ताप आला. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. तिसऱ्या बाटलीला त्याने ग्लास हुंगला, घोट घेतला आणि खाली ठेवला. "पाणी आहे," एवढंच बोलला. मला अक्षरशः रडू आलं. ज्याच्या नाकावर आख्खं हॉटेल चालायचं, त्याला घरात गॅस लीक झालेला कळेना!

मग परीक्षक झाला नंदू. चौथ्या वर्षी त्याने मोबाइलवर शोधून जाहीर केलं, "ही पुढची पंचवीस वर्षं टिकणार!"

मी म्हटलं, "ती टिकेल रे, आपलं काय?"

*

डॉक्टरांनी विलासला नाकाचा व्यायाम दिला. रोज सकाळ-संध्याकाळ डोळे मिटून चार डब्या हुंगायच्या: लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाबपाणी. सुनंदा समोर बसून डबी धरायची. महिनोन्महिने सगळी उत्तरं चूक! एकदा मात्र चारही बरोबर आली. सुनंदा आम्हाला फोन करायला धावली.

"थांब गो," विलास म्हणाला. "डोळे उघडे होते माझे. रोज तुझं तोंड पडलेलं बघवत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं परत डब्या घेऊन बसली.

*

आता या जानेवारीतली गोष्ट. पाचवीही अशीच अंदाजाने संपलेली, उरली होती शेवटची. नंदू म्हणत होता, विलासचं नाक बरं होईपर्यंत ठेवू या. विलासच म्हणाला, "आणि नाहीच झालं तर? तुम्ही तरी प्या."

रविवारी दुपारी त्याच्याच घरी जमलो. पूर्वी बाटलीच्या दिवशी तो घरात उदबत्तीही लावू देत नसे. आता काय, सुनंदाने बिनधास्त तव्यावर सुकट टाकली आणि आमच्यात येऊन बसली.

विलासने बूच काढलं, ग्लास भरले, सवयीने नाक आत घातलं. आम्ही तिघं उगाच पंख्याकडे बघत बसलो.

एकदम त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "सुनंदा, सुकट करपतेय गो!"

सुनंदा जागची हललीच नाही. तोंडावर पदर दाबून त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी मीच धावत जाऊन गॅस बंद केला. तव्यावर नुसता कोळसा. परत आले तर विलासचं नाक पुन्हा ग्लासात, डोळे मिटलेले. नंदू स्वतःचा ग्लास विसरून त्याच्या नाकाकडे टक लावून बसलेला.

बऱ्याच वेळाने विलासने मान वर केली आणि आमच्यावरच उखडला.

"कोणाला घाई झाली होती रे? अजून दोन वर्षं ठेवायला हवी होती ही!"