पनवेलच्या फलाटावरची कुलस्वामिनी

कुलस्वामिनीचा टाक गावाहून मुंबईला आणावा की नाही, याविषयी माझे मन शेवटपर्यंत साशंक होते. थोरले दीर गेल्यावर महाडजवळचे घर बंद झाले आणि देवीची पूजा आमच्याकडे आली. मेच्या सुटीचा शेवटचा दिवस आम्ही या प्रवासासाठी ठेवला होता. दुसऱ्या दिवशी यजमानांना कामावर हजर व्हायचे होते. घरातली रीत कडक होती. देवी वाटेत जमिनीवर टेकवायची नाही, परक्या हाताचा स्पर्श होऊ द्यायचा नाही आणि ती नव्या देव्हाऱ्यात बसेपर्यंत नेणाऱ्याने अन्न घ्यायचे नाही. यजमानांना मधुमेह होता. सकाळी त्यांनी रोजची गोळी घेतली आणि रीत म्हणून काही खाल्ले नाही. ही चूक दोघांच्याही ध्यानात आली नाही.

मुले लहान असताना एसटी पनवेलला थांबली की आम्ही हमखास उतरायचो. स्थानकाच्या मागच्या अंगाला नळ होता, तिथे पाणी भरायचो. पुढे दिरांच्या मोटारीतून जाणे-येणे सुरू झाले आणि पनवेल फक्त काचेतून दिसू लागले. त्या दिवशी पुन्हा एसटीने येताना बऱ्याच वर्षांनी तिथे पाय ठेवला. फलाट वाढले होते, नवीन पनवेलकडे जाणाऱ्यांची गर्दी होती, ओळखीचे काही सापडत नव्हते. यजमानांनी टाकाचा डबा माझ्या हाती दिला आणि ते पाणी आणायला गेले.

ते परत आले नाहीत. डबा छातीशी धरून मी दोन-तीन फलाट पाहिले, पण धक्का लागेल या भीतीने गर्दीत शिरता येईना. कंडक्टरांनी बराच वेळ गाडी थांबवली. शेवटी त्यांनी आमच्या बॅगा उतरवून खांबापाशी ठेवल्या, म्हणाले, वहिनी, गाडीभर माणसं ओरडतायत, माझाही नाइलाज आहे. गाडी गेली. यजमानांना काही झाले असेल, शोधायला धावायला हवे होते. तरीही डबा कुठे ठेवावा, हा प्रश्न सुटत नव्हता.

खांबाला टेकून एक बाई बसली होती. सुकट विकून गव्हाणला परतायला निघालेली. रिकामी पाटी शेजारी. ती मघापासून माझी धावपळ बघत होती. काय झाले ते तिने विचारले, मी सांगितले, रीतही सांगितली.

"देव काय जड नाय, बाय," ती म्हणाली. "तुजा जीव जड झालाय. दे इकडं आन् मानूस शोध."

मी तिच्या हातांकडे पाहिले. ते तिला कळले असावे. तिने हात मागे घेतले आणि पदर पसरला. "हातात नको. वटीत घाल. खाली ठेवनार नाय मी."

मी डबा तिच्या ओटीत ठेवला आणि धावले.

यजमान स्थानकामागे सापडले. जुना नळ तिथे नव्हता. ते घामाने भिजले होते, मला ओळखत नव्हते आणि रिव्हर्स घेणाऱ्या एका गाडीच्या वाटेत झोकांड्या देत चालले होते. मी दोन्ही हातांनी त्यांना कवेत धरून मागे ओढले. आम्ही दोघेही खाली पडलो. गाडी समोरून गेली. साखर उतरल्याची लक्षणे डॉक्टरांनी सांगून ठेवली होती. कँटीनमधून साखरेचे पाणी आणवले, मांडीवर डोके घेऊन घोट घोट पाजले. बऱ्याच वेळाने त्यांनी माझे नाव घेतले.

आम्ही फलाटावर परतलो तेव्हा ऊन कलले होते. बाई तशीच बसली होती, दोन्ही मांड्या जुळवून, पदराची टोके मुठीत धरून. गव्हाणची गाडी येऊन गेली होती. यजमानांनी हात जोडून माफी मागितली, तर ती हसली. "माज्या पोरांना पन एवढा वेळ मांडीवर घेतलं नवतं. आता सांगा तरी, कुनाला धरून बसले मी?"

यजमान म्हणाले, देवी आहे, आमची कुलस्वामिनी.

"म्हंजे बाईमानूस हाय," ती म्हणाली. "बरं झालं. बायाबायांत निभावलं."

रीत मोडली, असे नंतर नात्यातल्या काहींनी सांगितले. मी त्यावर वाद घातला नाही. मला एवढेच ठाऊक आहे की डबा माझ्या हातात असता तर यजमानांना ओढायला माझ्याजवळ हात उरले नसते. देवीला मी सांभाळते आहे, असे दिवसभर धरून चालले होते. तिने माझे हात सोडवून घेतले आणि ज्या ओटीत जायचे त्या ओटीत ती गेली. आजही पूजा करताना यजमान शेजारी बसलेले असतात. मी तिच्याकडे काही मागत नाही; हात जोडते.