तळ्यातली ज्योत

ज्या वस्तूवाचून गावात कुणाचंच अडत नाही, ती वस्तू ब्राह्मणपुरीत सर्वांत आधी आमच्या फुवांकडे येई. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. केळीचे बागाईतदार, पण बागेपेक्षा युक्त्यांत रमणारे. बैलगाडीला त्यांनी मोटारीचा भोंगा बसवला होता. तो पहिल्यांदा वाजवला तेव्हा रस्त्यावरचं कुणी हललं नाही. त्यांचेच बैल गाडीसकट कपाशीत शिरले. "बैल नवा शेतस, शिकी जातीन," एवढंच फुवा म्हणाले.

मी धुळ्याला कॉलेजात असताना त्यांनी परसात गोबरगॅस बसवला. तेव्हा पंचक्रोशीत तो कुणी पाहिलाही नव्हता. आत्याची चूल धुरावाचून पेटू लागली. दुसरा कुणी तिथेच थांबला असता. फुवांनी परसातल्या कमळाच्या तळ्याखालून पाईप नेला आणि मधोमध पाण्यावर वीतभर टोक काढलं. तिथे ज्योत पेटणार होती. "कशासाठी?" आत्याने विचारलं. "देखासाठे," फुवा म्हणाले.

आतेबहिणीचं लग्न ठरत होतं. तिच्या सासरचे, म्हणजे फुवांचे होणारे व्याही ज्या दिवशी येणार होते, त्याच संध्याकाळी ज्योत पेटवायचं ठरलं. अर्धं गाव बोलावलं. मी दुपारीच दोन मित्रांना घेऊन पोचलो. घरातली मंडळी गडबडीत होती. मित्रांपुढे ऐट म्हणून मी गॅसवर चहा केला, पुन्हा केला, मग तासभर भुईमुगाच्या शेंगा उकडल्या. गॅस संपत जाईल तशी मागची लोखंडी टाकी खाली बसते, हे मला ठाऊक होतं. तिच्याकडे मी पाहिलंच नाही.

दिवेलागणीला फुवा कोट घालून गुडघाभर पाण्यात उभे राहिले. हातात पेटता बोळा बांधलेला बांबू. "आते देखज्यात, पाणीमाईन जोत निंघी!" त्यांनी चावी सोडली. पाईप दोनदा खोकला आणि गप्प झाला. बोळा विझला. व्याही उपरण्याआड हसले, मग सगळं गाव हसलं. काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं, आणि संशय येऊ नये म्हणून सर्वांत मोठ्याने मी हसलो. फुवांनी माझ्याकडे पाहिलं आणि तेही ओशाळं हसले.

चार वर्षांनी, नोकरी लागल्यावर, त्या दुपारच्या चहाचं आणि शेंगांचं एकदाचं त्यांना सांगितलं.

"तवाच सांगतास ते," फुवा म्हणाले. "आठ दिन तो पाईप खंदी ऱ्हायंतू मी. भोक काही सापडनं नही." आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे मन्हा पाईप चांगलाच व्हता!"

त्यांनी आत्याला हाक मारून हे दोनदा सांगितलं. तळं तोवर बुजवून तिथे केळी लावली होती. मी त्या केळींकडे बघत बसलो, फुवांकडे बघवेना.