बरं हाय
जेसीबीनं उकरलेल्या मातीचा आणि डिझेलचा वास आला की मला केडगावचा तो छोटा दवाखाना आठवतो. बाहेर रस्ता खोदत होते आणि आत खाटेवर राहू गावचे एक आबा छाती धरून पडले होते. त्यांचा ईसीजी पुण्याच्या डॉक्टरांकडे जाईना, म्हणून मला बोलावलं. तिथलं इंटरनेट मी बघायचो. फायबरची लाइन तुटली की राउटरनं आपोआप सिमकार्डवर जायचं, अशी सोय होती. पण राउटरवरचा फायबरचा दिवा हिरवागार आणि ईसीजी जागचा हलेना! डॉक्टरीणबाईंनी आबांना विचारलं, "कसं वाटतंय?" "बरं हाय," आबा पुटपुटले. त्यांची बायको कडाडली, "त्येंला काय इचारता? ते मरताना बी बरंच म्हणत्याल! अंगाला हात लावून बघा की, घामानं भिजल्यात." आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमचा राउटर लाइनची खुशाली विचारत होता ती आमच्याच भिंतीवरच्या फायबरच्या डब्याला. डबा शाबूत, म्हणून तो 'बरं हाय' सांगत होता. तार तुटली होती बाहेर, जेसीबीखाली. मी त्या डब्याची वायरच उपटली. राउटर सिमवर गेला, ईसीजी सुटला, पुण्याहून फोन आला, "इंजेक्शन द्या आणि लगेच इकडं आणा." आबा वाचले. राउटरला मी त्याच दिवशी थेट पुण्याला खुशाली विचारायला लावलं. हल्ली आई फोनवर "बरं हाय" म्हणाली, की मी बरं म्हणून ठेवतो आणि तिच्या शेजारच्या मामींना फोन लावतो.