हाक आल्याबिगर

चपला काढून ती टाचेला टाच लावून फाटकाबाहेर ठेवायची, भिंतीच्या सावलीत बसायची आणि एकदाच खोकायची. बोळिंजच्या आमच्या सोसायटीत रानभाज्या विकायला येणारी ही वारली बाई, मागच्या पाड्यावरची. वॉचमन अडवतो म्हणून बाहेर बसते, असं मला वाटायचं. विचारलं तर म्हणाली, "आमच्यात हाक आल्याबिगर दुसऱ्याच्या अंगनात जात नाय, शेठ."

तुमच्याही फाटकाशी असं कोणी बसत असेल. आपण भाजीचा भाव विचारतो आणि वर जातो.

एकदा बायकोने तिच्याकडची शेवळं, खाज मारणारी काकडं न घालताच, शिजवली. घरभर घसे खाजले. मी फाटकाशी जाऊन तक्रार केली, तर भाजीवाली पदर तोंडाला लावून हसली. "शिकलेली मानसं तुमी, नि भाजीला घाबरता." दुसऱ्या दिवशी भिंतीवर मूठभर आंबट काकडं ठेवलेली होती.

मग ती मधूनमधून पोट धरून बसू लागली. पित्ताशयात खडे होते, ऑपरेशन लागणार होतं. मोठ्या हॉस्पिटलात तिच्याकडे मोफत उपचारांचं कार्ड मागितलं. पाड्यावर ते कोणाकडेच नव्हतं. मी आरोग्यविम्याच्या कचेरीत नोकरीला. रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये कार्डाचं शिबिर होतं आणि टेबलावर मीच बसणार होतो. ये म्हटलं, करून देतो.

ती सर्वांच्या आधी आली. प्लास्टिकच्या पिशवीत आधार, रेशनकार्ड. बाहेर बसली. खोकली. मी ऐकलं.

आत आमच्याच लोकांची रांग. प्रत्येकाकडे कंपनीचा विमा, माझ्याकडे दोन. "आधी आपली माणसं उरकून घे," अध्यक्ष म्हणाले. मी उरकत राहिलो. दोन वाजता शिबिरवाल्यांनी मशीन गुंडाळलं. बाहेर जाऊन तिला सांगितलं, पुढच्या वेळी नक्की.

ती रागावली नाही. "तुमी हाक मारा, मी येन."

महिन्याभराने ती पुन्हा आली. मी दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत होतो. भाजी घेऊन आली असेल असं वाटलं, म्हणून गेलो नाही, असं मी बायकोला सांगितलं. आजवर तेच सांगत आलोय. खोटं आहे ते. तिच्या डोक्यावर पाटी नव्हती. हातात ती पिशवी होती. पुढचं शिबिर कधी, हे मी कोणाला विचारलंसुद्धा नव्हतं. मी पडद्यामागे सरकलो. बऱ्याच वेळाने पाहिलं, तर ती भिंतीला धरून चपला घालत होती.

काही दिवसांनी ती त्या दुखण्यातच गेल्याचं वॉचमनने सांगितलं, गाडी धुता धुता.

कार्डाचे अर्ज घेऊन मी पाड्यावर गेलो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. भिंतीपासून पाच मिनिटांची वाट. तिची मुलगी, कधीमधी तिच्याबरोबर भाजी घेऊन यायची ती, अंगण सारवत होती. मी कडेला बूट काढले, उभा राहिलो, खोकलो.

तिने मान वर करून पाहिलं. ओळखलं. मग हात पुन्हा शेणाच्या बादलीत घातला.

अंगण फार मोठं नव्हतं. सारवत सारवत ती दारापर्यंत गेली आणि आत गेली. मी अर्ज हातात धरून ओल्या शेणाच्या कडेला उभा होतो.