ह्यांचा शेवटचा फोटो
परवा दादरला चष्म्याचा नंबर तपासायला गेले, डोळ्यांत थेंब पडल्याबरोबर जळजळलं, आणि परळच्या हॉस्पिटलातली ती सकाळ आठवली. आमच्या ह्यांना मोटर न्यूरॉनचा आजार होता. हात गळालेले, ओठ एका बाजूला ओघळलेले, म्हणून हे कुणाला फोटो काढू देत नव्हते, अगदी नातवालासुद्धा नाही, आणि मला तर एक तरी हवा होता हो. तिथली तरुण डॉक्टरीण म्हणाली, "काका, या आजाराची खूण डोळ्याच्या आतल्या पडद्यावर दिसते का, ते आम्ही शोधतोय. फोटो काढू? तुम्हाला त्याचा उपयोग नाही होणार, खरं सांगते." हे जड जिभेने म्हणाले, "त्यात माझा तोंड दिसतला?" "नाही, काका." "मगे काढ." ह्यांच्या डोळ्यांत तसेच थेंब घातले, मशीनवर हनुवटी टेकवली, पण मान ठरेना, तेव्हा मी मागून त्यांचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं, केसांना सकाळीच लावलेल्या खोबरेलाचा वास येत होता. कॉम्प्युटरवर केशरी गोळा उमटला, त्यात लाल शिरांच्या फांद्या. हे बघतच राहिले. म्हणाले, "बरो इलो गो!" मी हळूच विचारलं, "बाळा, एक प्रत मिळेल?" ती ओशाळली. "काकू, अभ्यासाचे फोटो बाहेर नाही देता येत." पुढे गणपतीच्या आधीच हे गेले. भिंतीवर मिशीला पीळ दिलेला जुना फोटो लावलाय. येणारे म्हणतात, काय रुबाब होता! मी हो म्हणते. मला मात्र हे हवे होते, शेवटी होते तसे.