पहिलं कोणी पाहिलं

दगड दिसला की ताई तो उचलायच्या, ओढणीला पुसायच्या आणि सरळ जिभेला लावायच्या. "चिकटला तर हाड, नाही चिकटला तर दगड," असं म्हणून तो परत जागच्या जागी ठेवायच्या.

इथे परदेशात, वाळवंटातल्या चँडलरला आमच्या कॉलनीत घरांपुढे गवत नाही, खडी पसरलेली असते. संध्याकाळी फिरताना ताईंना ती खडी खुणावायची. गणपतीच्या आरतीला जमलेल्या बायकांत यावर कुजबुज चालायची. "या वयात डोहाळे?" असं एकीने विचारलंसुद्धा. ताईंच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या खदखदून हसल्या. "मी काय माती खाऊन राहिले का? अगं, जुन्या हाडात बारीक बारीक भोकं असतात. जिभेची ओल ओढून घेतं ते."

तुमच्याही आसपास अशी माणसं असतील, ज्यांचं खरं काम काय हे शेजाऱ्यांना शेवटपर्यंत कळत नाही. ताई नागपूरच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायच्या. नवऱ्याला इथल्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात नोकरी लागली आणि त्या मागोमाग आल्या. त्यांच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. फुकट काम केलं तर चालत होतं. म्हणून त्या म्युझियमच्या लॅबमध्ये हाडं साफ करायला जायच्या, आठवड्यातून चार दिवस. घरी बसून डोकं फिरेल म्हणून मीही शनिवारी त्यांच्याबरोबर जाऊ लागले, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे मला त्या आवडायच्या.

लॅबला एक मोठी काच होती. बाहेरून शाळेची मुलं नाक दाबून आत बघायची आणि आम्ही आत दाताच्या डॉक्टरकडे असतात तसल्या सुया घेऊन दगड टोकरत बसायचो. माझा हात जोरात चालला की ताई न बघता म्हणायच्या, "घाई नको. वीस कोटी वर्षं थांबलंय ते, तुझ्या लंचपर्यंत थांबेल."

त्या लॅबची माणसं दर वसंतात उत्तरेकडच्या वाळवंटात खोदायला जायची. एका वर्षी मीही गेले. पाच तास ड्राइव्ह. जांभळ्या-करड्या मातीच्या टेकड्या, एक झाड नाही. आम्ही आठजण होतो. लॅबचे प्रमुख, पांढऱ्या दाढीचे, सगळ्यांशी गोड बोलणारे. त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारा एक उमदा तरुण. बाकी आम्ही हौशी.

सगळे ठरलेल्या खड्ड्यात खोदत होते. जेवणानंतर ताई एकट्याच पलीकडच्या उतारावर गेल्या. थोड्या वेळाने मला हाक आली. "ये इकडे. जीभ काढ."

बोटाएवढा तुकडा होता. मी जिभेला लावला आणि तो चिकटला. ताई गुडघ्यावर बसून उतारावर वर वर बघत होत्या. तसलेच तुकडे ओळीने वर गेले होते आणि ओळ जिथे संपत होती तिथे मातीतून एका हाडाचं टोक बाहेर आलं होतं. पातळ कडा, आत पोकळ.

"पोकळ आहे," त्या अगदी हळू म्हणाल्या. "त्या काळचं एवढं पातळ, पोकळ हाड म्हणजे डायनोसॉर आहे गं हा. लहानसा. कुत्र्याएवढा असेल."

त्या ओरडल्या नाहीत. वही काढून आधी चित्र काढलं, उताराचा कोन लिहिला. मग त्या तरुणाला बोलावलं, कारण जीपीएस त्याच्याकडे होतं. त्याने जागेची नोंद केली आणि फॉर्मवर स्वतःची सही केली. कामच होतं ते त्याचं. त्या वेळी कोणाला काही वाटलं नाही.

पुढचे दोन वसंत तोच उतार खोदला. मागचा पाय, कंबर, शेपटीचे मणके निघाले. प्लास्टरमध्ये गुंडाळून आणलेलं ते सगळं ताईंनीच साफ केलं. वर्षभर. त्यांच्या मनगटाला पट्टा लागला, तरी शनिवारी मी पर्स ठेवेपर्यंत त्या खुर्चीत बसलेल्या असायच्या.

मग जाहीर कार्यक्रम झाला. नवी जात निघाली होती, कॅमेरेवाले आले होते. ताई पहिल्यांदाच म्युझियममध्ये साडी नेसून आल्या, हिरवी इरकल. कोणी विचारलं तर काही नाही, सहज, म्हणाल्या. पण केसात गजरा होता. या गावात तो त्यांनी कुठून मिळवला, कोण जाणे.

प्रमुखांनी त्या तरुणाला पुढे बोलावलं. उतारावर एकटाच फिरताना त्याच्या तीक्ष्ण नजरेला हाड कसं दिसलं, ते सांगितलं. तो लाजला, पण नाही म्हणाला नाही. शेवटी "आमच्या सगळ्या स्वयंसेवकांचे आभार" झाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. ताईंनीही वाजवल्या.

आठवड्याने त्यांनी प्रमुखांना मेल केला. वहीचं पान जोडलं आणि एवढंच लिहिलं, की पहिलं कोणी पाहिलं याची नोंद दुरुस्त व्हावी, माझी मैत्रीण तिथे होती, तिला विचारा.

प्रमुखांचा मला फोन आला. आवाज नेहमीसारखाच गोड. "तू तिथे होतीस ना? नक्की काय झालं होतं? वाद वाढवण्यात कोणाचाच फायदा नाही, तू समजू शकतेस." मग त्याच दमात, "आणि हो, तुझ्या मुलीचा आमच्या म्युझियमच्या समर प्रोग्रॅमचा अर्ज बघितला मी. फारच छान आहे."

मी म्हणाले, "मी जरा लांब होते. आधी कोणी पाहिलं ते नक्की आठवत नाही."

किचनमध्ये माझी मुलगी सीरियल खात होती. तिने चमचा खाली ठेवला. "मॉम, बट यू लिक्ड इट. यू टोल्ड अस."

"अभ्यास कर," मी म्हणाले.

ताईंना उत्तर गेलं, की कोणालाच नक्की आठवत नाही. त्या शनिवारी ताई आणि मी गाडीतून लॅबला निघालो. सिग्नलला थांबलो तेव्हा त्या म्हणाल्या, "तुला खरंच नाही आठवत?"

"ताई, ऊन इतकं होतं त्या दिवशी..."

"असेल बापा," त्या म्हणाल्या. "ऊन तर होतंच."

पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. माझ्याशी बोलणंही सोडलं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या लॅबमध्ये येत राहिल्या, माझा हात जोरात चालला की टोकत राहिल्या.

त्याच वर्षी ताईंच्या नवऱ्याचा लेऑफ झाला. साठ दिवसांत दुसरी नोकरी नाहीतर देश सोडायचा. नोकरी मिळाली नाही. मी एअरपोर्टला सोडते म्हणाले, तर म्हणाल्या, "कशाला? उबर बुक केली." त्यांनी कुंड्या समोरच्या बाईंना दिल्या, पुस्तकं लायब्ररीला. माझ्याकडून नेलेला एक डबा होता, तो दारात ठेवून गेल्या. घासून, पुसून, रिकामा.

यंदा उन्हाळ्यात तो सांगाडा म्युझियममध्ये उभा केला. मुलीची समर प्रोग्रॅमला निवड झाली होती. एका रविवारी मी बघायला गेले, तर गळ्यात ओळखपत्र घालून ती लहान मुलांच्या घोळक्याला माहिती सांगत होती. हाड कोणाला सापडलं हे सांगताना तिने माझ्याकडे पाहिलं, मग पाटीवरचं नाव वाचलं आणि पुढे गेली.

मी सांगाड्याचा फोटो काढून ताईंना पाठवला. का पाठवला, मला सांगता येणार नाही. चार दिवसांनी उत्तर आलं. कशी आहेस वगैरे काही नव्हतं.

"उजव्या घोट्याचं हाड उलटं बसवलंय. सांग त्यांना."

मी जाऊन पाहिलं. मला काही कळेना. पण ताई म्हणतात म्हणजे उलटंच असणार. दोनदा प्रमुखांच्या दारापर्यंत गेले. हे तुला कोणी सांगितलं, असं ते विचारणार आणि मग मला ताईंचं नाव घ्यावं लागणार.

हाड अजून उलटंच आहे.