अक्कांच्या करवंट्या

भर दुपारी, गल्लीतली कुत्रीसुद्धा कुठेतरी सावलीला पडलेली असताना, अक्का अंगणाच्या भिंतीवर करवंट्या उताण्या मांडत असायच्या. डोक्यावर पदर, हातात चिमटा. करवंटीला बोट लावायचं नाही, चिमट्यानेच उचलून उन्हात ठेवायची आणि आधीची तापलेली उचलून घ्यायची. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारीला ऊन लागलं. मी शेजारी राहत होते, मला माहीत होतं की त्या भांडी घासत होत्या. त्या वर्षी लातुरात भांडी घासायला पाणी नव्हतं.

त्यांचं नाव शिवकांताबाई, पण सगळी गल्ली अक्काच म्हणायची. यजमानांची दालमिल होती. ते गेल्यावर मुलाने ती विकली आणि तो पुण्याला नोकरी करू लागला. अक्का खालच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. लिंगायत घर. रोज तळहातावर लिंग घेऊन पूजा, कपाळाला विभूती, आणि अंड्याचं नाव काढलं तरी तोंडाला पदर. माहेर सीमेपलीकडचं, म्हणून मांजराला हाक मारायची ती कानडीत, "बा, बा." मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, त्यामुळे अक्का मला नावाने कधी बोलावत नसत. "सिष्टर" म्हणत, आणि ते म्हणताना जरा हसत.

मांजर त्यांनी पाळलं नव्हतं, ते येऊन बसलं होतं. पांढरा, मानेवर काळा ठिपका असलेला बोका. देवघराच्या उंबऱ्याबाहेर पाय दुमडून, तोंड आत करून तासन् तास बसायचा.

"बघ सिष्टर, आत यायचं न्हाई, उठायचं न्हाई. नंदीच हाय," अक्का म्हणाल्या, आणि नाव पडलं.

उन्हाळा चढला तसं अक्कांनी फाटकाबाहेर पाण्याचं घमेलं ठेवलं. टँकर आठवड्याला एकदा यायचा आणि तोही भांडणं लावून जायचा, तरी घमेलं भरलेलं असे. गल्लीतली सगळी मांजरं एकत्र तोंड घालून प्यायची. नंदीही त्यांच्यातच.

मग एका सकाळी त्या त्याला कडेवर घेऊन माझ्या दारात. मी रात्रपाळी करून आले होते, डोळे मिटत होते.

"ह्याच्या हिरड्या बघ. तुझ्या बाळंतिणींच्या पडतात तशा पांढऱ्या झाल्यात."

खरंच तशा होत्या. बाजाराच्या पिशवीत घालून आम्ही त्याला रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण, उदगीरचा. बाहेर बाकावर चारा छावणीतून आलेले शेतकरी बसले होते. बोलणं एकच, उदगीर नवा जिल्हा होणार की नाही.

"जिल्हा झाल्यावर नळाला पाणी येतंय व्हय?" अक्कांनी विचारलं.

डॉक्टरने रक्ताचा थेंब पट्टीवर टाकला, थोडं थांबला आणि आम्हाला आत बोलावलं. "मांजरांचा ल्युकेमिया म्हणतात, आजी. विषाणू आहे. औषध नाही. नीट सांभाळलं तर महिने काढेल, कदाचित वर्षंही. माणसाला होत नाही, कुत्र्याला होत नाही. मांजराचा मांजराला होतो. चावण्यातून, चाटण्यातून, एका भांड्यात खाण्यापिण्यातून. लाळेत असतो."

अक्का म्हणाल्या, "म्हंजे उष्ट्यानं व्हतंय."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो, उष्ट्याने."

"मग तसं सांगा की. आन् मी समद्यांचं उष्टं एका घमेल्यात करून बसले."

"त्याला कुठून लागला ते सांगता येत नाही, आजी. आईकडूनही आलेला असू शकतो. आता त्याला घरातच ठेवा. त्याची भांडी वेगळी. आणि ताजं, शिजवलेलं मांस द्या. कच्चं नको."

अक्कांनी तोंडाला पदर लावला. आजाराचं ऐकताना लावला नव्हता.

घरी आल्यावर मी म्हटलं, "घमेलं उचला." त्या म्हणाल्या, "उचललं तर आजच मरतील. आजाराला सवड हाय, तहानेला न्हाई." डॉक्टरने जाता जाता एक सांगितलं होतं, की हा विषाणू अंगाबाहेर फार टिकत नाही, वाळला की संपतो. अक्कांनी तेवढंच धरलं. देवळापुढच्या नारळवाल्याकडून पिशवीभर करवंट्या आणल्या. आता घमेल्याच्या जागी एका मांजराला एक करवंटी, त्याने तोंड लावलं की ती चिमट्याने उचलून भिंतीवर, पुढच्याला दुसरी.

"पंगतीत कुणी उष्टं खातंय का? ह्यांनीच कामून खावं?" त्या म्हणाल्या. "पाणी न्हाई. ऊन लई हाय."

मांसाचा प्रश्न माझ्या चुलीवर सुटला. एक जुनं पातेलं नंदीच्या नावाने काढलं, त्यात बिनमिठाची कोंबडी शिजायची. अक्का फाटकाशी नाक धरून उभ्या.

"झालं का गं तुझं पाप शिजवून?"

"पाप तुमच्या नंदीचं आहे, अक्का. मी नुसती आचारी."

वाटी घेऊन त्या जायच्या, स्वतःच्या हाताने बारीक करून भरवायच्या. पूर्वी नुसता वास आला तरी डोक्यावरून आंघोळ करणारी ही बाई. आता आंघोळीला पाणी कुठलं? विभूतीचा डबा उघडून कपाळ, दंड, गळा फासायच्या. "भस्मस्नान. आमच्यात चालतंय."

"तुमच्यात सोयीचं सगळं चालतं."

"मग तू बी हो की लिंगायत. तेवढीच बादली वाचंल."

रेल्वेने पाणी आलं त्या वर्षी. पेपरात फोटो आले. आमच्या गल्लीत टँकर तेव्हाही आठवड्यानेच येत होता. अक्कांकडे प्यायची एक घागर आणि शेजारी झाकण घातलेला एक तांब्या. तो तांब्या नंदीचा. रोज सकाळी घागरीतून पहिलं पाणी त्यात. पाहुणा येवो, चहा राहो, त्याला हात लागायचा नाही. हळूहळू माझ्या लक्षात आलं की घागर पुरते ती अक्का कमी पितात म्हणून. एकदा उठताना त्या भिंतीला धरून राहिल्या. मी रक्तदाब पाहिला आणि सरळ विचारलं, "लघवीला किती वेळा जाता?"

"हे काय विचारणं झालं!"

"माझं कामच ते आहे. सांगा."

मी त्यांना समोर बसून दोन पेले पाणी पाजलं आणि मगच उठले.

मुलगा न्यायला आला. चांगला मुलगा, आईसाठी घाबरलेला. उन्हातून आला, समोर दिसला तो तांब्या उचलला. अक्कांनी त्याचं मनगट धरलं.

"ते त्याचं हाय. तुला माझ्यातलं देते."

तो खाली बसला. "आई, एका मांजरासाठी तू इथे तहानेने मरणार. लोक मला काय म्हणतील?"

"तुझ्या घरात पोरीची दोन मांजरं हायत. तिकडं नेला तर त्यांना लागंल. हितं सोडला तर गल्लीला लागंल."

"डॉक्टरकडे कायमचं झोपवायचं इंजेक्शन असतं. त्याला त्रास होत नाही."

"त्यो आजून जेवतोय, बाबा. जेवणाऱ्याला पानावरून उठवू व्हय? ज्या दिशी पानावरून तोंड फिरवंल त्या दिशी बघू."

मी मध्ये पडले. "माझ्याकडे ठेवा. जा तुम्ही."

"तू ड्युटीला गेलीस की त्यो सुटंल. तुझं दार मला ठाव हाय."

माझं दार खरंच लागत नाही. मुलगा एकटाच परत गेला. जाताना त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू अक्का आणि मांजर दोघांचीही हजेरी माझ्याकडे लागणार.

नंदी तो सगळा उन्हाळा जेवत राहिला. जूनमध्ये ढग आले आणि नुसतेच गेले. एका सकाळी त्याने वाटी हुंगली आणि मान वळवली. अक्कांनी परत पुढे केली, त्याने परत वळवली. मी डॉक्टरला फोन केला. तो छावणीवर होता, दुपारी येतो म्हणाला. नंदी उंबऱ्याबाहेर आपल्या जागी जाऊन पाय दुमडून बसला. डॉक्टर यायच्या आधीच गेला. बसल्या बसल्या. अक्कांनी पाठीवर हात ठेवला तेव्हा कळलं.

अंगणात खड्डा मी खणला. काळी माती, पण वाळून दगड झालेली. पहार आपटली की मनगटातून कळ जायची. हातभर झाल्यावर मी थांबले.

"आजून," अक्का म्हणाल्या. "आडवा न्हाई ठेवायचा. आमच्यात बसवतात."

"तो तुमच्यात कधी आला? कोंबडी खात होता."

"माझ्या दारात बसला न्हवं इतके दिस?"

मी आणखी खणलं. त्यांनी त्याला तसाच उचलून आत बसवला, तोंड घराच्या दाराकडे. मग आतून तांब्या आणला. सकाळचं पाणी, काठोकाठ. टँकरला अजून वेळ होता आणि घागर तळाला गेली होती. मी म्हटलं, "अक्का, ते तुम्ही प्या."

"त्याच्या वाटणीचं हाय," त्या म्हणाल्या, आणि सगळं पाणी त्याच्या डोक्यावरून सावकाश ओतलं. शेवटच्या थेंबापर्यंत. आंघोळ घालतात तसं. मग कपाळावर विभूतीची तीन बोटं.

मी फावड्याने माती ढकलली. मला घरी जाऊन झोपायचं होतं.

"हळू टाक, सिष्टर. बसलाय त्यो."

त्या आठवड्यात मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. पुण्याहून फोन यायचा तेव्हा पहिला प्रश्न करवंट्यांचा. "उन्हात घालतीस ना? का एकात एक रचून ठेवल्यास?" मी घालत होते. ते काम काही अवघड नव्हतं.

पुढे दोन-तीन वर्षांनी अक्का गेल्या. सासरच्या मळ्यात, यजमानांशेजारी जागा होती, म्हणून त्यांना उदगीरला आणलं. मी दवाखान्यातून सुट्टी काढून एसटीने गेले. जिल्हा अजून झालेला नव्हता, रस्त्यात लोक त्याबद्दलच बोलत होते. अक्कांना बसवलं होतं, हातात लिंग, अंगभर विभूती. स्वामींचे मंत्र म्हणून झाले आणि पुरुष माती लोटू लागले. ऊन वर आलं होतं, सगळ्यांना उरकायची घाई होती. मी बायकांत मागे उभी होते.

"हळू टाका," मी म्हटलं.

फावडं मारणाऱ्याने वळून पाहिलं. ही कोण, असं.

"बसल्यात त्या," मी म्हटलं.